इकाम्याचे पैसे कोणाच्या खिशातून? सौदीला पहिल्यांदा निघालेल्यांसाठी

पगार झाला की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या कॅम्पच्या मेसमध्ये सुपरवायझर वही घेऊन बसायचा. शेजारी चहाचा थर्मास, समोर रांग. प्रत्येकाने ३०० रियाल मोजून द्यायचे, नावापुढे सही करायची आणि मग ताट घ्यायला पुढे सरकायचं. वहीच्या पुठ्ठ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. नव्या माणसाने विचारलंच तर उत्तर ठरलेलं, ‘इकामे का पैसा.’ इकामा म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना. बँकेत मात्र प्रत्येकाचा पगार पुरता जमा झालेला असायचा, म्हणजे सरकारदरबारी सगळं स्वच्छ. मी तेव्हा जुबैलच्या एका कंत्राटी कंपनीत टाइमकीपर होतो, पुढे पगारपत्रकाच्या टेबलावर गेलो. ती वही मी रांगेत उभा राहूनही पाहिली आहे आणि टेबलामागे बसूनही.

वर्षाला ३,६०० रियाल. ते घेण्याचा कंपनीला काडीचाही अधिकार नव्हता, हे मला कळायला तीन वर्षं लागली. तुम्हाला निघायच्या आधीच कळावं म्हणून हे लिहितोय.

कायदा काय म्हणतो

सौदीचा कामगार कायदा २००५ चा आहे, शाही फर्मान एम/५१. त्यातलं ४० वं कलम पाठ करून ठेवा. परदेशी कामगाराच्या भरतीचा खर्च, इकाम्याची फी, वर्क परमिटची फी, दोन्हींचं नूतनीकरण, उशीर झाला तर त्याचा दंड, पेशा बदलण्याची फी, सुट्टीवर जाऊन परत येण्याच्या व्हिसाची फी आणि काम संपल्यावर घरी परतण्याचं तिकीट, हे सगळं मालकाचं. दुसऱ्या कंपनीत बदली झाली तर त्या बदलीची, म्हणजे नकल कफालाची फी, तुम्हाला घेणाऱ्या नव्या मालकाची.

कामगाराच्या वाट्याला याच कलमात एकच गोष्ट येते. तुम्ही कामाला लायक ठरला नाहीत किंवा सबळ कारण नसताना मधूनच घरी निघालात, तर परतीचं तिकीट तुमचं.

मग लोक का भरतात? कारण रक्कम मोठी आहे आणि मालकाला ती टोचते. हिशेब बघा. इकाम्याची फी वर्षाला ६५०. वर्क परमिट, ज्याला जुने लोक अजून ‘मक्तब अमल’ म्हणतात, त्याची मूळ फी १००. त्यावर लेव्ही, म्हणजे परदेशी माणूस कामाला ठेवल्याबद्दल सरकार मालकाकडून घेतं ती रक्कम. ती २०१८ पासून चढत गेली आणि २०२० मध्ये माणशी महिना ८०० रियालवर पोचली (कंपनीत सौदी कामगार परदेशींपेक्षा जास्त असतील तर ७००). म्हणजे वर्षाचे ९,६०० झाले, सगळं मिळून १०,३५०. ज्याचा पगार १,८०० आहे त्याची ही जवळजवळ सहा महिन्यांची कमाई. एवढा खर्च माणसामागे करायचा म्हटल्यावर काही मालक तो माणसाकडूनच काढतात. परवानाधारक कारखान्यांची लेव्ही तर ऑक्टोबर २०१९ पासून सरकारनेच उचलली, तरी कारखान्यातल्या माणसांकडून ‘लेव्ही’ कापल्याचं मी ऐकलंय. म्हणजे जो खर्च झालाच नाही त्याचीही वसुली.

आता पायरीपायरीने.

पायरी १ : घरून निघायच्या आधी

खेड, दापोली, म्हसळा, श्रीवर्धन, मुंब्रा, कुठूनही निघा, घरात किंवा आळीत सौदीला राहून आलेला कोणीतरी असतोच. तो सांगणार, ‘अरे, सगळेच भरतात, तू पण भर.’ त्याचा अनुभव खरा असेल, सल्ला मात्र चुकीचा आहे.

एजंट नोंदणीकृत आहे का हे भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघा. तिथे त्याचा नोंदणी क्रमांक आणि चालू-बंद स्थिती दिसते. भिंतीवर फ्रेम करून लावलेलं सर्टिफिकेट बघून समाधान मानू नका, बंद पडलेल्या नोंदणीची फ्रेमही तितकीच चकचकीत असते. नोंदणीकृत एजंटला कायद्याने जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, म्हणजे ३५,४०० रुपये घेता येतात. ते बँकेतून द्या आणि पावती घ्या. लाख-दीड लाख मागून ‘यात व्हिसाचे पैसे आले, इकामा पण आला’ असं कोणी म्हणाला, तर तो तुम्हाला मालकाचा खर्च विकतोय.

पासपोर्टवर ईसीआर असेल, म्हणजे साधारणपणे दहावी झालेली नसेल, तर सौदीसाठी एमिग्रेशन क्लिअरन्स (कामासाठी देश सोडायची सरकारी परवानगी) लागतो. अनेकांना ही कटकट वाटते आणि ते व्हिजिट व्हिसावर जायला तयार होतात. तसं करू नका. क्लिअरन्सच्या निमित्ताने तुमचा करार सरकारी नोंदीत जातो आणि पुढे भांडायची वेळ आली तर तोच पहिला पुरावा ठरतो. सोबत प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमाही मिळतो, दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५.

करारात तीन ओळी शोधा : मूळ पगार किती, राहणं-जेवण कोणाचं, आणि इकामा व वर्क परमिटचा खर्च कोणाचा. तिसरी ओळ नसली तरी कायदा तुमच्या बाजूने आहेच, पण ‘इकामा कामगाराच्या खर्चाने’ असं उलटं लिहिलेलं असेल तर तिथेच थांबून विचारा. व्हिसावरचा पेशाही बघून घ्या. तुम्ही वेल्डर आणि व्हिसावर मेंढपाळ असेल तर प्रकरण इथेच बिघडलेलं आहे. परमिटवरच्या पेशापेक्षा वेगळं काम करून घेणं कायद्यात बसत नाही. शिवाय मेंढपाळ, शेतमजूर, घरचा ड्रायव्हर, घरकामगार हे कामगार कायद्याच्या बाहेर आहेत. त्यांचे नियम वेगळे. घरकामगारांचा करार ‘मुसानेद’ या सौदी सरकारी पोर्टलवर होतो आणि तिथेही भरतीचा आणि इकाम्याचा खर्च मालकाचाच असतो, पण तक्रारीचा रस्ता निराळा आहे. पुढचं सगळं कंपनीत कामाला जाणाऱ्यांसाठी आहे.

‘आझाद व्हिसा’ : इथे जरा थांबा

आझाद व्हिसा नावाची वस्तू सौदीच्या कायद्यात नाही. एखाद्या कफीलच्या, म्हणजे कागदोपत्री मालकाच्या, नावावर इकामा काढायचा, काम मात्र बाहेर मिळेल तिथे करायचं आणि कफीलला दर महिन्याला किंवा वर्षाला पैसे पोचवायचे, एवढाच त्याचा अर्थ. कलम ३९ प्रमाणे हे दोघांनाही मना आहे. पकडले गेलात तर दंड आणि हद्दपारी तुमच्या वाट्याला येते. कफील बहुतेक वेळा ‘माझा माणूस पळून गेला’ एवढं सांगून मोकळा होतो.

अशा माणसाने इकाम्याचे पैसे परत मागायला सरकारकडे जाणं म्हणजे स्वतःचाच गुन्हा टेबलावर ठेवणं. म्हणून आझाद व्हिसावर असलेल्याला मी तक्रार कर असं सांगत नाही. आधी जिथे खरंच काम करतोस त्या कंपनीत कागदोपत्री बदली करून घे, हेच सांगतो. आणि जो अजून घरीच आहे त्याने या नादाला लागूच नये. दुकान चांगलं चाललंय, महिन्याला चार हजार सुटतात, असं सांगणारा चुलतभाऊ कफीलला वर्षाला किती देतो तेही त्याला विचारा.

पायरी २ : पहिले ९० दिवस

सौदीत उतरल्यापासून ९० दिवसांत तुमचा इकामा निघायला हवा. तो काढणं मालकाचं काम. या काळात स्वतःच्या नावाचं सिमकार्ड घ्या आणि इकामा नंबर हातात आला की ‘अबशर’ आणि ‘किवा’ या दोन्ही सरकारी ॲपवर स्वतःचं खातं उघडा. कॅम्पमध्ये एखादा हुशार पोरगा दहा रियाल घेऊन सगळ्यांची खाती उघडून देतो. त्याच्याकडून करून घेतलंत तर पासवर्ड त्याच दिवशी बदला आणि मोबाइल नंबर तुमचाच लागलाय ना ते बघा. आमच्याकडे एका फोरमनने चाळीस जणांची खाती आपल्या नंबरवर काढून ठेवली होती. त्यामुळे सगळ्यांचे ओटीपी त्याच्याकडे जायचे.

किवावर मालक तुमचा करार चढवतो आणि तुम्ही तो मंजूर किंवा नामंजूर करता. भारतात सही केलेल्या कागदापेक्षा इथे हाच करार जास्त मोजला जातो. पगाराचा आकडा तोच आहे का ते बघितल्याशिवाय मंजूर करू नका. तीन महिने उलटून गेले आणि किवावर करारच नाही, तर मालकाच्या संमतीशिवाय दुसरीकडे बदली मागता येते. हे हत्यार लोकांना माहीत नसतं.

अबशरवर इकाम्याची खरी मुदत दिसते. हातातलं कार्ड पाच वर्षांचं असतं, आतली मुदत मात्र दर वर्षी, आणि २०२१ पासून तीन-तीन महिन्यांनीही, ऑनलाइन वाढवली जाते. कार्ड खिशात आहे म्हणून निश्चिंत राहिलेला माणूस चेकपोस्टवर अडकतो. महिन्यातून एकदा अबशर उघडून तारीख बघा आणि स्क्रीनशॉट स्वतःलाच पाठवून ठेवा.

पासपोर्ट? ‘ऑफिसमध्ये सेफ आहे’ हे वाक्य तुम्ही ऐकणारच. पासपोर्ट ठेवून घेणं मालकाला मना आहे. पण पहिल्या आठवड्यात त्यावरून भांडत बसू नका. लेखी मागणी करा आणि मागणीची प्रत जवळ ठेवा.

पायरी ३ : पगारपत्रक वाचायला शिका

मी टेबलामागे बसलो तेव्हा एक गोष्ट शिकलो : कोणीही हुशार मालक पगारपत्रकावर ‘इकामा’ हा शब्द लिहीत नाही. लिहिलं की कलम ४० अंगावर येतं. मग नावं बदलतात.

सगळ्यात चलती ‘ॲडव्हान्स’ची. मालकाने दिलेलं कर्ज पगारातून वळतं करायला कायदा परवानगी देतो, पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंत. म्हणून तुम्ही कधीच न घेतलेल्या उचलीचा कागद करतात. एखाद्या दुपारी साइटवरून बोलावून अरबी मजकुराच्या कागदावर सही किंवा अंगठा घेतात, ‘इकामे का फॉर्म है’ म्हणून. तो उचलीचा कागद असतो. पुढे दर महिन्याला ‘ॲडव्हान्स १८०’. आता १,८०० च्या पगाराचे दहा टक्के किती होतात तेवढं करून बघा. योगायोग नाही तो.

‘गोसी’ हे दुसरं नाव. गोसी म्हणजे तिथला सामाजिक विमा. परदेशी कामगारासाठी त्यात दोन टक्के भरायचे असतात, तेही मालकाने. तुमच्या पगारातून त्याचा एक रियालही कापायचा नसतो. वैद्यकीय विम्याचंही तसंच.

आणि तिसरी ती मेसमधली वही. ती पगारपत्रकात कुठेच सापडत नाही. सौदीत पगार बँकेतून द्यायची आणि त्यावर सरकारी नजर ठेवायची पद्धत २०१३ पासून आहे, म्हणून पूर्ण पगार खात्यात टाकून मग रोख परत घेतात. काही ठिकाणी तर एटीएम कार्डंच सुपरवायझरकडे. कार्ड कोणालाही देऊ नका, पिन तर नाहीच.

अरबी कागदावर सही करावीच लागली तर आधी फोटो काढा. फोटो काढू देत नसतील तर सहीच्या बाजूला देवनागरीत ‘मजकूर समजला नाही’ असं लिहा. मी हे एकाला सुचवलं होतं, त्याने खरंच तसं लिहिलं. पुढे तो कागद समोर आला तेव्हा दुभाष्याला ती ओळ वाचून दाखवावी लागली.

तरीही सही होऊन गेली असेल तर घाबरू नका. कायद्याचं आठवं कलम सांगतं की कायद्याशी विसंगत अट रद्द समजली जाईल आणि करार चालू असताना कामगाराने सोडून दिलेला हक्कही सुटत नाही, सोडण्यात त्याचाच फायदा असेल तर गोष्ट वेगळी. ‘इकाम्याचे पैसे मी भरीन’ या कागदाला म्हणून फारशी किंमत नाही. न घेतलेल्या उचलीच्या कागदाशी झगडणं मात्र कठीण जातं, म्हणून फोटो.

पायरी ४ : आधी विचारा, पण लेखी

थेट तक्रार करायच्या आधी एकदा विचारून बघा. निम्म्या वेळा ही वसुली मालकाच्या नव्हे, मधल्या माणसाच्या खिशात जात असते. व्हॉट्सॲपवर अकाउंट्सला किंवा मुदीरला (मॅनेजरला) साधा निरोप पाठवा : ‘सर, इस महीने १८० रियाल किस बात के कटे हैं, लिखकर बता दीजिए.’ ना आरोप, ना कलम. उत्तर आलं तर पुरावा. तोंडी आलं तर पुन्हा निरोप : ‘आपने आज कहा कि इकामा का है, ठीक समझा ना?’ एवढं पुरतं.

ग्रुपवर हे लिहू नका. ग्रुपवर लिहिलं की गोष्ट अब्रूची होते आणि सौदीत काय, चिपळुणात काय, अब्रूवर आलेला माणूस पैसे सोडत नाही.

एका साध्या वहीत तारीख, रक्कम, कोणी घेतली, समोर कोण होतं, एवढं लिहीत जा. रोख वसुलीत दुसरा कागद मिळतच नाही. पगार जमा झालेल्या दिवशी काढलेल्या रकमेची बँकेची नोंद आणि तुमची वही जुळली तर त्याला वजन येतं. दोघा-तिघांच्या वह्या जुळल्या तर आणखीच.

पायरी ५ : तक्रार

तक्रार मनुष्यबळ मंत्रालयाकडे करायची. १९९११ हा त्यांचा नंबर, नाहीतर वेबसाइट किंवा ॲपवरून. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. तक्रारीत ‘इकाम्याचे पैसे घेतात’ एवढंच लिहून भागत नाही. ‘पगारातून बेकायदा कपात, अमुक महिने, एकूण अमुक रियाल, कलम ४०’ असा आकडा टाका. आकडा नसलेल्या तक्रारीवर बोलणंच पुढे सरकत नाही.

आधी ‘वुद्दिया’, म्हणजे आपसात तडजोडीची बैठक होते, बहुधा ऑनलाइन. त्यासाठी २१ दिवस असतात. मिटलं नाही तर प्रकरण कामगार न्यायालयात. ही न्यायालयं २०१८ पासून वेगळी झाली आहेत. सगळं कामकाज अरबीत. हिंदी-उर्दू जाणणारा, अरबी येणारा माणूस सोबत असला तर बरं, पण तो कंपनीचा नसावा.

मुदत लक्षात ठेवा. नोकरी संपल्यापासून १२ महिन्यांत दावा लावायचा असतो. गावी येऊन गणपती करू, मग बघू, म्हणणाऱ्यांचे पैसे असेच गेलेत. कारण एकदा फायनल एक्झिट (कायमचं परत जायचा व्हिसा) लागून इकामा रद्द झाला की अबशर, किवा काहीच हाताशी राहत नाही आणि दावा चालवणं फार अवघड होतं. म्हणून तिथे असतानाच.

मालक बदल्यात काय करू शकतो, तेही सांगायला हवं. सगळ्यात जास्त भीती ‘हुरूब’ची, म्हणजे माणूस पळाल्याची नोंद. २०२२ पासून पद्धत बदलली. कामावर गैरहजर अशी नोंद झाली तर ६० दिवसांत दुसरीकडे बदली करायची किंवा देश सोडायची मुभा असते. म्हणून तक्रार केल्यावर कामावर जाणं थांबवू नका. रोज हजर राहा, गेटवरच्या पंचिंगचा फोटो काढा. कामावर हजर असलेल्याला पळाला ठरवणं कठीण असतं.

दुसरी धमकी अशी : ‘सोडून जायचं तर इकाम्याचा सगळा खर्च भर.’ यात अर्धं खोटं, अर्धं खरं. इकाम्याचा खर्च तुमच्याकडून मागता येत नाही. पण मुदतीचा करार सबळ कारणाशिवाय मध्येच मोडलात तर कलम ७७ प्रमाणे नुकसानभरपाई लागू शकते, तीही कमीत कमी दोन महिन्यांच्या पगाराइतकी. म्हणून राग आला म्हणून बॅग भरू नका. करार संपेपर्यंत थांबा किंवा मार्च २०२१ पासूनच्या नियमाने वर्ष पूर्ण झाल्यावर किवावरून बदली मागा. सलग तीन महिने पगार नाही, किंवा मालकाने इकामा अथवा परमिट संपू दिलं, तर वर्षाचीही वाट बघावी लागत नाही. आणि इकामा संपलेला असेल तर दंडही मालकाचाच, तुम्ही ‘आत्तापुरते’ म्हणून भरू नका. आत्तापुरते भरलेले परत आलेले मी पाहिले नाहीत.

वकिलात कधी गाठायची

रियाधला भारताची वकिलात, जेद्दाला कॉन्सुलेट. पगाराची कपात तेच मिटवून देतील अशी आशा धरू नका, ते काम सौदी सरकारचं. पण पासपोर्ट अडकला, कॅम्पमधून बाहेर सोडत नाहीत, दुभाषी मिळत नाही, अशा वेळी तिथेच जायचं. घरच्यांना भारतातून ‘मदद’ पोर्टलवर तक्रार टाकता येते. एजंटने जादा पैसे घेतले असतील तर ती तक्रार मात्र मुंबईच्या प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कार्यालयात, बँकेच्या नोंदीसकट.

तडजोड झाली तर

वुद्दियात मालक बहुतेक वेळा निम्म्यावर येतो. घ्यायचं की न्यायालयात जायचं हे तुमच्यावर. मी स्वतः दोन वर्षांचे ७,२०० मागितले होते, साडेचार हजारांवर मिटवलं. आणखी सहा महिने थांबायची तयारी नव्हती, घरी बहिणीचं लग्न होतं. चूक की बरोबर, अजून ठरवता आलेलं नाही.

मात्र तडजोडीच्या कागदावर शेवटी एक ओळ असते, ‘माझं कंपनीकडे काहीही येणं बाकी नाही.’ या ओळीत तुमची ग्रॅच्युइटी, शिल्लक सुट्टीचे पैसे आणि परतीचं तिकीट, सगळं वाहून जाऊ शकतं. सही करायच्या आधी हे तिन्ही आकडे त्याच कागदावर वेगवेगळे लिहून घ्या. आणि रक्कम रोख नको, खात्यात. माझे पैसे गुरुवारी पडतील असं सांगितलं होतं, पडले पुढच्या बुधवारी. तोवर तो कागद माझ्या उशीखाली होता, सही न केलेला.